कात्री वाजली नाही

कात्री ट्रेमध्ये पडली. खण्ण.

पोपटशेठचा हात चपला चिकटवायच्या सोल्युशनच्या टिनवर पोचलाच होता. तो तसाच पुढे सरकला, त्याने शेजारची खिळ्यांची पुडी उचलली आणि पुन्हा जागेवर ठेवली. शेठ गिऱ्हाइकाकडे वळले आणि त्यांनी चेहरा पाडला.

"संपलंय हो सोल्युशन."

गिऱ्हाईक म्हणजे घरं रंगवणारा एक उंच माणूस. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, केस पाणी लावून चापून बसवलेले. त्याने मान वर करून फळीकडे पाहिलं. फळीवर नऊ टिन ओळीने उभे होते.

"मग ते काय शोभेला ठेवलेत?"

"ती ऑर्डर आहे. चपलांच्या कारखान्याची."

"एक टिन कमी पडला तर चपला अनवाणी फिरतील काय?"

शेठना हसू आलं. एरवी त्यांनी या माणसाला बसवून चहा पाजला असता. पण कात्री वाजली होती, आणि कात्री वाजल्यावर या दुकानात सोल्युशन संपतं म्हणजे संपतं.

रंगारी हलला नाही. त्याने ट्रेमधल्या कात्रीकडे पाहिलं, मग गल्ल्यामागे बसलेल्या शेठच्या बायकोकडे. ती रेक्झिनचा तुकडा उलटसुलट करून बघत होती, जणू त्यात काही वाचायचं होतं.

"गेल्या खेपेलाही वहिनींची कात्री पडली होती," तो म्हणाला. "मी काही दूधखुळा नाही शेठ. मला नाही म्हणा, कायदा आहे, मान्य. पण मग घरच्या माणसाला कसं काय मिळतं? तुमचा मेहुणा आणि मी डेपोमागच्या एकाच भिंतीला टेकून बसतो. एकाच पिशवीत तोंड घालतो. पिशवी माझी, टिन तुमचा."

एवढं बोलून तो पायऱ्या उतरून गेला. जाताना एका पायरीवर त्याचा तोल गेला, पण पडला नाही.

"जीभ झडो मेल्याची," बायको म्हणाली. "तुम्ही नका हो लक्ष देऊ."

तिने कात्री उचलली आणि रेक्झिन कापायला घेतलं. एरवी तिचा हात असा की पट्टी न लावता सरळ रेघ कापेल. आज कात्री वाकडी गेली. तिने तो तुकडा खाली टाकला आणि दुसरा घेतला.

आता या कात्रीची भानगड सांगायला हवी, आणि त्यासाठी शेठच्या नाकापासूनच सुरुवात करावी लागेल. नाक बाकदार, भलंथोरलं. त्यावरूनच बाजाराने त्यांना पोपटशेठ केलं होतं, आणि खरं नाव आता फक्त दुकानाच्या परवान्यावर उरलं होतं. तीस वर्षं हे दुकान. चपला शिवणारे, सोफे-खुर्च्या करणारे, सुतार, सगळे इथूनच माल नेत. सोल्युशन मोठ्या पिंपातून यायचं आणि मागच्या बिनखिडकीच्या खोलीत शेठ ते स्वतः टिनांत भरायचे. आठ वर्षांपूर्वी एका सकाळी शेगडीवरचं दूध उतू जाऊन, आटून, भांड्यासकट काळं झालं, आणि शेठ शेजारीच पेपर वाचत बसले होते. बायको धावत आली तेव्हा घरभर करपल्याचा वास होता.

डॉक्टर म्हणाले, वासाच्या नसा गेल्या, परत येणार नाहीत.

तेव्हा शेठनी फारसं मनावर घेतलं नाही. वास नाही तर नाही. पण दोन वर्षांपूर्वी नवा कायदा आला. बाजारातल्या सगळ्या दुकानदारांना एका हॉलमध्ये बसवून तपासनीस बाईंनी तो समजावून सांगितला. अठरा वर्षांखालच्या कुणाला सोल्युशन, थिनर विकायचं नाही हे तर झालंच. पण मोठ्या माणसालाही, तो नशेसाठी नेतोय हे दुकानदाराला ठाऊक असेल तर विकायचं नाही.

"ठाऊक असेल, किंवा ठाऊक असायला हवं असेल," बाई बोट वर करून म्हणाल्या. "हे शेवटचं नीट ऐका. डोळे बघा, ओठांभोवतीचे फोड बघा. काहीच कळलं नाही तर नाक वापरा. ओढणाऱ्याच्या श्वासाला आणि कपड्यांना वास येतोच येतो. 'मला काय माहीत' म्हणून हात वर केलेत तर परवाना जाईल आणि तुम्हीही आत जाल."

कुलपांबरोबर थिनरही विकणारा कुलूपवाला मागून ओरडला, "पोपटशेठना काय चिंता! त्यांचं नाक गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत त्याच्यापर्यंत पोचतं!"

हॉलभर हशा पिकला. शेठही हसले, आणि हसता हसता त्यांची बनियन घामाने पाठीला चिकटली. ज्याला वास येत नाही त्याला असला माल विकायचा परवाना कोण देणार? आणि सोल्युशन गेलं की चपलावाले गेले, सोफेवाले गेले, मग दुकानात उरणार काय, खिळे?

त्याच संध्याकाळी बायको म्हणाली, "मी बसते उद्यापासून गल्ल्यामागे. मला आला वास की कात्री टाकेन ट्रेमध्ये. तुम्ही काय ते समजा."

"पण दुकानालाच वास असेल ना गं. त्यातून तुला कळायचं कसं?"

"दुकानाचा वास गार असतो," ती म्हणाली. "माणसातून येतो तो कोमट. गोडसर, आंबलेला. कळतो मला."

दोन वर्षं कात्री वाजत होती. ती कधी चुकली नाही. 'मला काय माहीत' हे कुलूपवाल्याने एकदा चालवून पाहिलं, तर त्याच्याच दुकानाला सरकारी कुलूप लागलं. शेठच्या दुकानावर मात्र तपासनीस बाई चहा पिऊन खुशीत जायच्या. नाकावर माशी बसू देत नाही हा माणूस, असं त्यांनी चारचौघांत म्हटलं होतं.

आणि आता हा रंगारी असं बोलून गेला.

तो शुक्रवार होता. मेहुणा मंगळवारी येई, चारच्या सुमाराला. मधले तीन दिवस शेठ बायकोशी मोजकंच बोलले. काही विचारलं नाही. पण ज्या गोष्टी इतके दिवस डोळ्यांसमोरून नुसत्या जात होत्या, त्या आता एकेक थांबून उभ्या राहायला लागल्या.

मेहुणा खुर्च्या-सोफ्यांचं काम करायचा. आधी त्याला महिन्याला एक टिन पुरत असे. मग पंधरवड्याला लागायला लागला, आणि आता दर आठवड्याला. "काम वाढलंय भावोजी," तो म्हणायचा, आणि शेठना बरं वाटायचं. काम वाढलेला माणूस असा वाळतो कसा, हे त्यांनी विचारलं नव्हतं. मेहुणा पायरी चढला की बायको उठायची, कात्री भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायची आणि आतून त्याच्यासाठी जेवणाचा डबा आणायची. शेठना वाटायचं, भाऊ आला म्हणून हातातलं काम बाजूला ठेवते. खिळा ट्रेपासून चार हात लांब होता.

सोमवारी रात्री जेवताना त्यांनी एवढंच म्हटलं, "उद्या मंगळवार ना?"

"हो," बायको म्हणाली, आणि त्यांच्या ताटात न मागता भात वाढला.

मंगळवारी चारला पाच मिनिटं कमी असताना मेहुणा आला. पस्तिशीचा माणूस, पण बहीण त्याला अजून छोट्या म्हणायची. आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता आणि ती चौदाची. तिनेच त्याला कडेवर वागवला. आज त्याने पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता. ओठाच्या कोपऱ्यात लाल चट्टा होता.

"दाढी करताना लागलं," कुणी विचारायच्या आत तो म्हणाला. "भावोजी, एक टिन द्या. दोन खुर्च्या उघड्या पडल्यात."

बायको उठली. तिने कात्री खिळ्याला अडकवली, त्याच्या हातातला गेल्या मंगळवारचा डबा आत नेला आणि दुसरा आणला. डबा तिने गल्ल्यावरून लांब हात करून पुढे सरकवला. शेठनी पहिल्यांदाच बघितलं, की डबा देताना तिचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि छाती हलत नव्हती.

ते उठले. भिंतीजवळ गेले, खिळ्यावरची कात्री काढली आणि आणून बायकोच्या हातात दिली.

"ही असू दे," ते म्हणाले.

मग ते गल्ल्यावरून वाकले. ते भलंथोरलं नाक त्यांनी मेहुण्याच्या कॉलरपाशी नेलं आणि जोरात श्वास आत ओढला. काही नाही. भिंत हुंगल्यासारखं. मेहुणा गोंधळून हसला.

"वास येतोय," शेठ म्हणाले.

बायकोने चटकन मान वर केली. हे खोटं आहे हे त्या दुकानात तिला आणि शेठनाच माहीत होतं.

"कसला वास भावोजी? दुकानाचाच असेल."

"दुकानाचा गार असतो. हा कोमट आहे. गोडसर. आंबलेला."

बायकोचा चेहरा उतरला. तिच्या बोटांनी कात्री अशी आवळली की नखं पांढरी झाली. बाहेर कुणाच्या तरी हातगाडीचं चाक कुरकुरत गेलं. शेठ टिनकडेही गेले नाहीत आणि मेहुण्याकडेही त्यांनी पाहिलं नाही. ते बायकोकडे बघत राहिले. रागाने नाही, पण नजर काही त्यांनी काढली नाही.

कात्री ट्रेमध्ये पडली.

आता शेठनी बोलायचं होतं. दोन वर्षं हे वाक्य त्यांचंच होतं. 

"संपलंय रे, छोट्या," बायको म्हणाली.

मेहुण्याने फळीकडे पाहिलं. आज तिथे सात टिन होते.

"ताई, काम अडलंय गं."

"संपलंय."

"ताई."

तिने तोंड फिरवलं.  मेहुणा पायऱ्या उतरला. डबा गल्ल्यावरच राहिला.

तो दिसेनासा झाल्यावर शेठ स्टुलावर बसले. "कधीपासून?"

"दहा महिने."

"दहा महिने तू मला फसवलंस? या दुकानात तुझ्या भरवशावर श्वास घेतो मी. उद्या बाई आल्या असत्या, त्याच वेळी हा आला असता, मग काय केलं असतं आपण?"

"आणि तुम्ही?" ती एकदम उसळली. "माझं नाक घेतलंत, बरं. पण महिन्याचा टिन आठवड्यावर आला तेव्हा तुमचे डोळे तर शाबूत होते ना? एकदा तरी विचारलंत? ठाऊक असायला हवं होतं ते काय एकट्या मला?"

 खरं होतं. शेठनी विचारलं नव्हतं, कारण न विचारण्यात सोय होती.

बायको खाली बसली. तिचा राग आला तसा गेला आणि तिला रडू फुटलं.

"पहिल्या दिवशीच कळलं मला. कात्री हातात होती. म्हटलं, वाजवली तर हा पुन्हा पायरी चढणार नाही. डेपोमागे कुणाकडून तरी घेईल, त्यात काय काय मिसळलेलं असेल कोण जाणे. इथे निदान मंगळवारी दिसतो. डबा नेतो. पण दोन महिने झाले, दिलेला डबा पुढच्या मंगळवारी तसाच परत येतो हो. तुम्हाला दिसू नये म्हणून मी मागच्या मोरीत रिकामा करते."

शेठनी तिच्याकडे पाण्याचा तांब्या सरकवला. तिने हातही लावला नाही.

"बसमध्ये त्याच्या शेजारी कुणी बसत नाही. घरमालकाने काढलं, म्हणून कामाच्या शेडमध्येच झोपतो. आणि मी तरी कोण मोठी लागून गेले? मीही श्वास धरूनच डबा देते. मला ढवळतं. लहानपणी आंघोळ घातली की त्याचं डोकं हुंगल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, आणि आता मी श्वास धरते." तिने डोळे पुसले. "मंगळवार तेवढा माझा होता. तोही घालवला आज."

 शेठ उठले आणि त्यांनी अर्धं शटर खाली ओढलं.

"चल."

"कुठे?"

"त्याच्या शेडवर. डबा घे."

"आणि काय करणार जाऊन? तो दारात उभं करायचा नाही आपल्याला."

"ते बघू. मला कुठे वास येतो? मी बसेन त्याच्याजवळ."

 बायकोने डबा पिशवीत घातला. समोरच्या शिंप्याने मशीन थांबवून विचारलं, "काय शेठ, साडेचारलाच बंद?" शेठ म्हणाले, "संपला आज माल," आणि उरलेलं शटर खाली घेऊन कुलूप ओढून पाहिलं.

शेड डेपोच्या मागे होती. भिंतीपाशी रंगारी बसलेला होता. त्याने दोघांना पाहिलं आणि मान खाली घातली. शेडचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत खुर्च्यांचे सांगाडे, बाहेर आलेल्या स्प्रिंगा, फोमचे पिवळे तुकडे, आणि एकुलत्या एक खिडकीवर ठोकलेला पुठ्ठा. बायको दारातच थांबली. तिने रुमाल काढून नाकाला लावला आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलं.

शेठ सरळ आत गेले. आधी त्यांनी खिडकीवरचा पुठ्ठा ओढून काढला. मेहुणा जमिनीवर एका सांगाड्याला टेकून बसला होता. मांडीवर गेल्या मंगळवारचा टिन, रिकामा, आणि तो चमच्याने त्याचा तळ खरवडत होता. शेठनी टिन आणि चमचा त्याच्या हातातून काढून घेतले. त्याने सोडले. शेठनी ते बाहेर नेऊन ठेवले, परत आले आणि त्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल असे बसले.

मेहुणा सरकला. "लांब बसा भावोजी. वास येतो म्हणालात ना."

"खोटं बोललो."

"म्हणजे?"

"आठ वर्षं झाली. मला कसलाच वास येत नाही. शेजारी दूध जळून कोळसा झालं तरी कळत नाही. तुझ्या बहिणीशिवाय कुणाला माहीत नाही हे."

मेहुणा त्यांच्या नाकाकडे बघत राहिला. मग त्याला हसू आलं, खोकला आला, दोन्ही एकदमच. "एवढं मोठं नाक, आणि..."

"आणि आत काही नाही. शोभेला ठेवलंय."

"परवान्याचं काय मग?"

"कुणाला कळलं तर जाईल." शेठनी एक सुस्कारा सोडला. "उद्या दवाखान्यात जायचंय आपल्याला. तुझी छाती दाखवू, माझं नाक दाखवू."

 मेहुणा हाताची बोटं बघत होता. बोटांवर सोल्युशनचे सुकलेले पापुद्रे होते आणि तो ते एकेक सोलत होता.

"भावोजी, तुम्हाला वास येत नाही, मग माझं कळलं कसं?"

 शेठनी दाराकडे पाहिलं.

बायको अजून उंबऱ्यावर होती. तिने नाकाचा रुमाल काढला, त्याची घडी केली आणि पिशवीत डब्याच्या खाली ठेवली. मग ती आत आली, फोमचे तुकडे पायाने बाजूला सारले आणि भावाच्या दुसऱ्या बाजूला बसली. त्याने मान खाली घातली. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, जवळ झुकली आणि पूर्ण श्वास आत घेतला.

तिला जोराचा ठसका लागला. तरी तिने हात काढला नाही.